अभिप्रायाची वेठबिगार

सत्र संपत आले की बेंगळुरूतल्या येलहंक्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या पट्ट्यात एक विधी पार पडतो. सोलापूर, कोल्हापूर, निपाणी, बेळगावाकडून घर सोडून आलेली, पीजीच्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहणारी आमची मुले संगणकांपुढे बसवली जातात. विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी-क्रमांक, म्हणजे यूएसएन, घातल्याखेरीज जो उघडत नाही असा एक अर्ज त्यांच्यापुढे येतो. विषय समजला का, शिकवणे कसे होते, काय भावले, काय खटकले, असे त्यात विचारलेले असते. ज्यांच्याविषयी विचारले आहे ते प्राध्यापक, नाहीतर त्यांचे सहकारी, त्याच लॅबमध्ये फेऱ्या घालत असतात. ‘सगळीकडे एक्सलंट भरा आणि मोकळे व्हा’ असे कोणीतरी सांगून जातो. आणि अर्ज भरल्याविना हॉल तिकीट मिळणार नाही ही तंबी तर वर्गात आधीच देऊन झालेली असते. मुले मान खाली घालतात आणि ‘एक्सलंट’ भरतात.

प्रत्येक महाविद्यालयात हे असेच घडते असे आम्ही म्हणत नाही, आणि हा रोग एकट्या येलहंक्याचा आहे असेही नाही. पुण्याच्या आणि नवी मुंबईच्या पालकांनी बेंगळुरूकडे बोट दाखवून निश्चिंत होऊ नये. ज्यांना शंका असेल त्यांनी सुट्टीत घरी आलेल्या आपल्या मुलाला पानावर बसल्यावर सहज विचारावे, की बाबा रे, कॉलेजच्या त्या अर्जात तू खरे काय ते लिहिलेस का? मूल काय उत्तर देईल ते आमचे वाचक जाणतात. सासूला समोर बसवून सासुरवाशिणीला ‘सुखात आहेस ना?’ म्हणून विचारण्याची जी रीत आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालवली, तीच आज उच्च शिक्षणाने गुणवत्तेचे प्रमाण म्हणून उचलली आहे, आणि त्या बिचारीच्या तोंडून निघालेल्या ‘हो’चे आलेख काढून ते संकेतस्थळावर झळकवले जात आहेत. हा अभिप्राय नव्हे. ही वेठ आहे.

मुले भित्री आहेत म्हणून खरे बोलत नाहीत, असे कोणी म्हणेल तर त्याने आधी ही व्यवस्था डोळे उघडून पाहावी. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या सध्याच्या योजनेत विषयाच्या शंभर गुणांपैकी ५० गुण सत्रान्त परीक्षेचे आणि ५० महाविद्यालयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हजेरी ८५ टक्के भरावी लागते आणि ती कोणाच्या वहीत भरते ते सांगायला नको. लॅबचे रेकॉर्ड कोणाच्या सहीने पुरे होते, प्रोजेक्टचा मार्गदर्शक कोण, प्लेसमेंटसाठी शिफारस कोणाची, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर एकाच दारापाशी येऊन थांबते. अर्धे गुण ज्याच्या मुठीत आहेत, त्याच्याच शिकवण्याविषयी, आपला क्रमांक लिहून, परखड मत मांडण्याची अपेक्षा अठरा-एकोणीस वर्षांच्या, शैक्षणिक कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या मुलाकडून करणारे प्रशासन एकतर निर्बुद्ध असले पाहिजे किंवा धूर्त. ते निर्बुद्ध नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

आता हा सारा खटाटोप कशासाठी, ते पाहू. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, जिला सारा देश ‘नॅक’ या नावाने ओळखतो, ती १९९४ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय याच बेंगळुरू शहरात, नागरभावीला आहे. या परिषदेने २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. कल्पना उत्तम होती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. ज्याने शिक्षण भोगले त्याला विचारावे, यासारखी न्याय्य गोष्ट दुसरी नाही. वीस प्रश्न पर्यायी उत्तरांचे. आणि एकविसाव्या प्रश्नाला पर्याय नाहीत, तिथे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत तीन निरीक्षणे किंवा सूचना लिहायच्या, आपल्या संस्थेतला शिकण्याचा अनुभव सुधारेल तरी कसा ते सांगायचे. प्रश्नावली परिषद थेट मुलांच्या ईमेलवर धाडते. मुलांची नावे-पत्ते मात्र महाविद्यालयच पुरवते. पाणी मुरते ते इथे. परिषदेची प्रश्नावली येण्याआधी वर्गावर्गातून ‘जागृती’ केली जाते, कोणत्या प्रश्नाला कोणता पर्याय हे पढवले जाते, संस्थेचे नाव मोठे झाले तर तुमच्याच पदवीला भाव येईल अशी लालूच दाखवली जाते. आणि तो एकविसावा प्रश्न, जो साऱ्या सर्वेक्षणाचा प्राण आहे, तिथे मुले ‘काही नाही’ असे लिहून पुढे सरकतात. चार वर्षे आयुष्याची आणि बापाची लाखांची पुंजी जिथे घातली, त्या जागेविषयी सांगण्यासारखे काही नाही! ज्या व्यवस्थेने तरुण माणसाकडून हे दोन शब्द वदवून घेतले, तिने त्याला चार वर्षांत काय शिकवले याचा निराळा पुरावा आम्हांला नको.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१९ च्या नियमांत अध्यापकांच्या बढतीसाठी चहूबाजूंनी मूल्यमापनाची पद्धत घातली आणि तिच्या शंभर गुणांपैकी २५ गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला दिले. यानेही एक अनर्थ ओढवला, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. खोट्या स्तुतीने वाईट शिक्षक वाचतो हे तर कोणालाही दिसते. पण चांगला शिक्षक मरतो, हे कोणी पाहत नाही. येलहंक्याच्या त्या महाविद्यालयांत असेही अध्यापक आहेत जे फळ्यावर एकेक समीकरण स्वतः सोडवून दाखवतात, ज्याला काही कळले नाही अशा मागच्या बाकावरच्या मराठी किंवा कन्नड माध्यमाच्या मुलाला तास संपल्यावर थांबवून घेतात, यंत्र उघडून त्याच्या पोटात हात घालायला लावतात. आणि असेही आहेत जे दुसऱ्याने केलेल्या स्लाइड्स भिंतीवर लावून त्या वाचून दाखवतात आणि हजेरी घेऊन निघून जातात. पहिल्याला ‘एक्सलंट’. दुसऱ्यालाही ‘एक्सलंट’. ज्या अध्यापकाने रक्त आटवले आणि ज्याने पगार लाटला त्या दोघांच्या कागदावर एकच आकडा उमटला, की कर्तव्य करणाऱ्याच्या हाती स्वतःच्या कर्तव्याचा दाखलाच उरत नाही. शिवाय व्यवस्थापनाला एखादा अध्यापक नकोसा झाला, तो पगार थकल्याची तक्रार करू लागला, की याच अर्जांतून सोयीच्या दोन ओळी शोधून काढून त्याच्यावर उगारता येतात. वर्षभर रंगसफेदी म्हणून वापरलेला कागद एका दिवसात चाबूक होतो. मुलांच्या तोंडचा शब्द चोरून त्याचा चाबूक करणाऱ्यांना शिक्षणमहर्षी म्हणवून घेण्याचा अधिकार कोणी दिला?

या रोगाचे सर्वांत किळसवाणे रूप ‘समाजाशी नाते’ या नावाखाली सुरू असलेल्या अहवाललेखनात दिसते. विद्यापीठाने अभ्यासक्रमात सामाजिक बांधिलकीचा विषय घातला. झाड लावा आणि दत्तक घ्या, वारसास्थळे पायी फिरून पाहा, सेंद्रिय शेती समजून घ्या, पाण्याची बचत अभ्यासा, आणि जे अनुभवले ते लिहा. कागदावर याहून सुंदर काय असेल! आणि हे सारे करायला येलहंक्यासारखी जागा दुसरी शोधून सापडणार नाही. तिथला पुट्टेनहळ्ळी तलाव २०१५ मध्ये पक्ष्यांसाठी राखीव म्हणून घोषित झाला. चित्रबलाक आणि रातबगळे तिथे घरटी करतात. शेजारच्या जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्रातून आलेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून गाळून सोडण्याची व्यवस्था आहे. पाण्याचे अख्खे शास्त्र तिथे काठावर उभे राहून, डोळ्यांनी पाहून, नाकाने हुंगून शिकता येते. भारतीय रेल्वेचा चाक कारखाना १९८४ पासून येलहंक्यातच आहे. वितळलेले पोलाद दाबाखाली ग्राफाइटच्या साच्यात चढवून आगगाडीचे चाक तिथे घडते. ज्या चाकांवरून ही मुले सोलापूरहून येलहंका जंक्शनला येतात, त्यांचे जन्मस्थान त्यांच्या वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि यांत्रिकी शाखेतली कित्येक मुले ओतकामाचा धडा केवळ नोट्समधून पाठ करून उत्तीर्ण होतात. तलावाकाठी एक दिवसही न गेलेल्या मुलांचे ‘मी पाणी वाचवायला शिकलो’ असे निबंध, मागच्या वर्षीच्या मुलांच्या निबंधांवरून जसेच्या तसे उतरवलेले, छायाचित्रांसह बांधून दाखल होतात. कोणी ते वाचत नाही हे मुलाला ठाऊक असते. मुलाने ते अनुभवलेले नाही हे तपासणाऱ्याला ठाऊक असते. तरी गुण पडतात. अनुभव न घेता अनुभव लिहिण्याची ही दीक्षा सरकारमान्य अभ्यासक्रमातून दिली जात आहे, आणि उद्या याच मुलांनी न पाहिलेल्या पुलाच्या मजबुतीचा दाखला दिला, न तपासलेल्या लिफ्टच्या वहीत सही ठोकली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांच्या शेजारी कोणाकोणाला उभे करायचे, याची यादी आम्ही आजच सिद्ध ठेवतो.

ज्या पुरुषाचे नाव या विद्यापीठाने कपाळावर मिरवले आहे, त्याचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी येलहंक्यावरून बल्लारी रस्त्याने उत्तरेकडे, देवनहळ्ळी ओलांडून गेले की चिक्कबळ्ळापूरजवळच आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून शिकले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू होऊन नाशिक-धुळ्याकडे गेले. खानदेशात पांझरेच्या पाण्यात त्यांनी सायफनचे काम केले. पुढे खडकवासल्याला त्यांनी कल्पिलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये बसली. पुण्याने आणि पांझरेने घडवलेला हा कानडी मुलखाचा सुपुत्र आमच्या मराठी मुलखाचाही तितकाच आहे. उतारवयात, १९५१ मध्ये, त्यांनी आपल्या कामाच्या आठवणींचे पुस्तक छापले. काय केले, कोठे अडले, कोणी अडवले, ते नावागावानिशी लिहिले. शिकलेल्या माणसाने आपल्या शिकण्याचा हिशेब कसा द्यावा याचा तो नमुना आहे. आणि त्याच नावाच्या विद्यापीठाच्या छत्राखाली, त्याच्या बेळगावच्या मुख्यालयाला ठाऊक असून वा नसून, मुलांना बनावट अनुभव लिहायला लावले जातात. विद्यापीठाने एकतर हा बनाव मोडावा, नाहीतर त्या महापुरुषाचे नाव फाटकावरून उतरवावे.

हे का चालते? कारण यात पैसा आहे. विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाचा बाजार कर्नाटकाने मांडला आणि महाराष्ट्राने १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत तो आपल्या दारी आणला. तेव्हा कोणीही कोणाला नाके मुरडू नयेत. कर्नाटकाने १९८४ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा केला. आणि त्याच कायद्याखाली १९८९ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत खासगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी सरकारी जागेला २,००० रुपये, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि परराज्यातल्यांना ६०,००० असे वर्षाचे दर लावून दिले. बंदीच्या कायद्यातून दरपत्रक निघाले! मेरठची एक मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात न्यायालयाने हे दरपत्रक कॅपिटेशन फीच आहे असे ठणकावून सांगितले. पुढे न्यायालयाचे निवाडे बदलत गेले, शुल्कसमित्या आल्या, परीक्षा आल्या, ऑनलाइन प्रवेश आले. पण विद्यार्थी म्हणजे उत्पन्नाचे साधन ही दृष्टी तसूभर बदलली नाही. २०२४ च्या अखेरीस बेंगळुरू पोलिसांनी अभियांत्रिकीच्या सरकारी कोट्यातल्या जागा अडवून ठेवण्याच्या प्रकरणात धरपकड केली, ती याच दृष्टीची साक्ष आहे. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याची तक्रार ऐकायची सवय दुकानदारालाही असते. इथे तेवढीही नाही, कारण इथे गिऱ्हाईक दुकानात कोंडलेले आहे.

आणि ज्यांनी या कोंडवाड्यावर पहारा ठेवायचा, त्यांचे काय? नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे भूषण पटवर्धन यांनी २०२३ मध्ये मूल्यांकनाच्या प्रक्रियेतले गैरप्रकार आणि हितसंबंध यांवर बोट ठेवून पद सोडले. एवढ्या मोठ्या अधिकाराचा माणूस असे सांगून जातो, तेव्हा स्वाभिमानी देशात भूकंप व्हायला हवा होता. दिल्लीने नवा अध्यक्ष नेमला आणि फाईल पुढे सरकवली. दोन वर्षे उलटली नाहीत तोच, २०२५ च्या फेब्रुवारीत, सीबीआयने आंध्रातल्या गुंटूरच्या एका संस्थेला वरची श्रेणी मिळवून देण्यासाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून संस्थेचे लोक आणि नॅकच्या तपासणी पथकाचे सदस्य मिळून दहा जणांना अटक केली. रोख रक्कम, सोने, लॅपटॉप आणि मोबाईल हस्तगत झाले. आरोप सिद्ध करणे न्यायालयाचे काम आहे आणि ते त्याने करावे. आमचा प्रश्न निराळा आहे. देशभरातल्या मुलांचे खरे मत जर प्रामाणिकपणे गोळा होत असते, तर पथके पाठवून भिंतींचे रंग आणि फायलींचे गठ्ठे तपासण्याची वेळच का आली असती? मुलांच्या तोंडाला कुलूप घातले म्हणूनच परीक्षकांच्या खिशाला किंमत आली. आता श्रेण्या काढून टाकून नुसते ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे सांगण्याची पद्धत आणण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली आहे. कुलूप तसेच ठेवून पाटी बदलणाऱ्यांवर आमचा काडीचा विश्वास नाही.

शिक्षण घेणाऱ्याने शिक्षणाविषयी बोलू नये, ही आमच्या भूमीची रीत कधीच नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले ते स्वतः शाळा काढून, स्वतः शिकवून, शूद्रातिशूद्रांच्या मुलांना काय मिळते आणि काय नाकारले जाते ते डोळ्यांनी पाहून दिले. त्यात त्यांनी सरकारच्या शिक्षणखात्याची भीड ठेवली नाही, आणि परक्या सरकारच्या आयोगानेही ते निवेदन नोंदवून घेतले. डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच टिळक आणि आगरकर चालू शिक्षणाविषयीच्या असमाधानाने पेटले होते, आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले त्यामागे तेच असमाधान होते. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले आणि लहान पोराला काय वाटते ते विचारून शिकवणे बदलता येते हे महाराष्ट्राला करून दाखवले. सहा-सात वर्षांच्या बालकाचे मत जिथे मोलाचे ठरले, तिथे वीस वर्षांच्या अभियंत्याचे मत पायपुसणे का व्हावे?

संस्थाचालक सांगतात, मुले अपरिपक्व आहेत, कडक शिक्षकावर ती सूड उगवतील. हा युक्तिवाद आम्ही ऐकला आणि आम्हांला त्याची शिसारी आली. अठरा वर्षे पुरी झाल्यावर हीच मुले देशाचा पंतप्रधान कोण हे ठरवण्यासाठी मत देतात, आणि तेही गुप्तपणे, कारण मत उघड झाले तर ते मत उरत नाही हे या देशाच्या घटनाकारांना कळत होते. लोकसभेसाठी जे परिपक्व, ते विद्युतमंडलांच्या तासाविषयी अपरिपक्व कसे? आणि कडक शिक्षक व वाईट शिक्षक यांतला भेद मुलांना कळत नाही, असे म्हणणाऱ्याने आयुष्यात मुलांना शिकवलेले नाही. पट्टी मारणाऱ्या पण गणित समजावणाऱ्या मास्तरांचे पाय चाळीस वर्षांनी भर बाजारात धरणारी माणसे आम्ही या डोळ्यांनी पाहिली आहेत.

आमची मागणी स्पष्ट आहे. अभिप्राय घ्यायचा तर तो महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर, यूएसएनशिवाय, गुण जाहीर झाल्यानंतर घ्या. हॉल तिकिटाशी त्याचा संबंध जोडणाऱ्या महाविद्यालयाची संलग्नता विद्यापीठाने त्याच वर्षी तपासावी. पदवी हातात पडून वर्ष झालेल्या, भय गळून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही तेच प्रश्न विचारावेत. आणि एकविसाव्या प्रश्नाची उत्तरे, अध्यापकांची नावे झाकून, एकही शब्द न गाळता छापावीत. यातले एकही काम खर्चाचे नाही. ते आजवर झाले नाही, कारण ते होऊ द्यायचे नव्हते.

जून-जुलैत मराठी पालक पुन्हा मुलाचा हात धरून, बँकेच्या कर्जाची मंजुरी खिशात घालून येलहंक्यात उतरतील. प्रवेशकक्षात त्यांना प्लेसमेंटचे आकडे दाखवले जातील, वातानुकूलित वर्ग दाखवले जातील, नॅकची श्रेणी सोनेरी अक्षरांत दाखवली जाईल. त्यांनी एवढेच म्हणावे, की मागच्या तीन वर्षांत तुमच्या मुलांनी त्या एकविसाव्या प्रश्नाला काय लिहिले ते मूळ कागद आम्हांला दाखवा. कागद पुढे आला नाही, तर धनादेशावर सही करू नये.